आईच्या पायातले गोळे आणि ६८ नंबरची पुडी

ताई, नमस्कार.

मी साताऱ्याची, गेली सहा वर्षं तोक्योत निशी-कासाईला राहते. दोन वर्षांपूर्वी मला हुडहुडी भरून सर्दी झाली, तेव्हा शेजारच्या जपानी आजींनी काक्कोन्तो नावाची पूड गरम पाण्यातून प्यायला दिली. सकाळी मी ठणठणीत! तेव्हापासून आमच्याकडे कुणी शिंकलं की काक्कोन्तो, मुलांनासुद्धा अर्धी पुडी. मार्चमध्ये परागांमुळे माझं नाक वाहायला लागलं की शोसेइर्यूतो. सध्या आई तीन महिन्यांसाठी आली आहे. वय ६७, बीपीच्या दोन गोळ्या चालू आहेत, एक अम्लोडिपिन आणि एक लघवीची. रात्री तिच्या पोटऱ्यांत गोळे येतात. मैत्रिणीकडे तिच्या जपानी सासऱ्यांच्या ६८ नंबरच्या पुड्या उरल्या होत्या, त्या तिनं दिल्या. पहिल्याच रात्री आराम पडला, म्हणून गेले तीन आठवडे रोज तीनदा देते आहे. चव गोडसर, आईला आवडते. "आपल्या ज्येष्ठमधासारखीच लागते गं," म्हणते. तिचा सकाळचा ज्येष्ठमध घातलेला काढाही सुरूच आहे. पण चार दिवस झाले, पावलं सुजल्यासारखी वाटतात. वरचं बीपी १३० च्या आसपास असायचं, ते १५८ दाखवतं आहे आणि गोळेही परत यायला लागलेत. पुड्या वाढवू का? आईचा इथे विमा नाही, म्हणून डॉक्टरकडे जाणं टाळते आहे. शिवाय परत जाताना तिला ही औषधं सगळ्या नातेवाइकांना न्यायची आहेत. हे आपल्या आयुर्वेदासारखंच आहे ना, साइड इफेक्ट नसलेलं?

साताऱ्याची लेक, निशी-कासाई

*

अगं, पुड्या वाढवू नकोस. आजच बंद कर, आणि काढ्यातलं ज्येष्ठमधही बंद. बीपीच्या गोळ्या मात्र आपल्या मनानं थांबवायच्या नाहीत. आज, फार तर उद्या, आईला जवळच्या 'नाइका'त, म्हणजे साध्या फिजिशियनच्या दवाखान्यात घेऊन जा. रिकाम्या झालेल्या पुड्या, बीपीच्या गोळ्यांची पाकिटं आणि काढ्यात काय काय घालतेस त्याची यादी बरोबर ने. रक्तातलं पोटॅशियम तपासायला सांग. मधल्या वेळात तिला उठता-बसता येईनासं झालं, छातीत धडधड किंवा ठोके चुकल्यासारखं झालं, तर वाट बघायची नाही, ११९ ला फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवायची. नेमकं काय करावं कळत नसेल तर तोक्योत शार्प ७११९ वर चोवीस तास सल्ला मिळतो. विम्याचं म्हणशील तर प्रवासविमा काढला होता का ते कागद आधी शोध. नसेल तरी एका रक्ततपासणीचे पैसे खिशातून जातील ते जाऊ देत. हे दुखणं अंगावर काढलं तर त्याचा खर्च कितीतरी पट होईल.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगते. मी डॉक्टर नाही. पुण्यात फार्मसी शिकले आणि नंतर अकरा वर्षं योकोहामात काढली, त्यामुळे या पुड्यांशी माझी जुनी ओळख आहे. आवडही आहे, हे आधीच कबूल करते.

तुझ्या आईची जीभ मात्र मानली! ६८ नंबर म्हणजे शाकुयाकु-कान्झो-तो. 'तो' म्हणजे काढा. उरलेली दोन नावं म्हणजे त्यातल्या दोनच वनस्पती: शाकुयाकु हे पिओनी नावाच्या फुलझाडाचं मूळ, आणि कान्झो म्हणजे ज्येष्ठमध. जपानीत कान्झो लिहिताना 'गोड' आणि 'गवत' ही दोन अक्षरं जोडतात. दिवसाच्या तीन पुड्या सहा ग्रॅम पिओनी आणि सहा ग्रॅम ज्येष्ठमधाच्या अर्कापासून बनतात. म्हणजे आई तीन आठवडे रोज सहा ग्रॅम ज्येष्ठमधातून निघालेला अर्क घेत होती, आणि वर सकाळचा काढा. जपानमध्ये कान्झोचं दिवसाचं प्रमाण अडीच ग्रॅम झालं की औषधाच्या माहितीपत्रकात इशारे कडक होतात. रक्तात पोटॅशियम कमी असलेल्यांना असं औषध द्यायचंच नाही, असं त्यात लिहिलेलं असतं.

ज्येष्ठमधातल्या ग्लिसिरायझिनमुळे मूत्रपिंडातलं एक एन्झाइम अडतं. त्यामुळे शरीरात अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक फार वाढलंय, अशी मूत्रपिंडाची समजूत होते. मग ते मीठ आणि पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीवाटे टाकून देतं. पाणी साचलं की सूज येते, बीपी चढतं. पोटॅशियम घटलं की अंग गळून जातं, हातापायांना मुंग्या येतात आणि स्नायूंत गोळे येतात. नीट वाच हं, गोळे येतात! जे थांबवायला पुडी दिली, तेच पुडी जास्त झाली की परत येतं. त्यातून लघवीच्या बऱ्याच गोळ्याही पोटॅशियम बाहेर घालवतात. कदाचित आईचे मुळातले गोळेच त्या गोळीमुळे असतील. म्हणजे आधीच गळणाऱ्या घागरीला आपण आणखी एक भोक पाडलं. जपानी डॉक्टरांना हा प्रकार चांगला ठाऊक आहे. 'नकली अल्डोस्टेरॉनचा आजार' अशा अर्थाचं त्याला नाव आहे, आणि तो ओळखला की बहुतेक वेळा ज्येष्ठमध बंद केल्यावर माणूस सावरतो. पण अम्लोडिपिननंही पावलं सुजतात, तेव्हा सूज बघून तू किंवा मी निदान करायला जाऊ नये. आणि केळी, शहाळं देऊन पोटॅशियम भरून काढीन, असंही मनात आणू नकोस. आकडा कळल्याशिवाय त्यात हात घालायचा नाही.

तुझी मैत्रीण वाईट नाही आणि औषधही वाईट नाही. ६८ नंबर पोटरीच्या गोळ्यावर फार गुणाचा आहे. अनेकांना घेतल्यावर काही मिनिटांत आराम पडतो, डोंगर चढणारे लोक खिशात ठेवतात. पण त्याचा खरा उपयोग गोळा आला की घेण्यापुरता, किंवा डॉक्टरनं ठरवलेल्या थोड्या दिवसांपुरता. ती पुडी मैत्रिणीच्या सासऱ्यांना दिली होती तेव्हा डॉक्टरनं त्यांचं बीपी, त्यांच्या गोळ्या, त्यांचं वय बघितलं असणार. तुझ्या आईचं काहीच कुणी बघितलं नव्हतं.

आता काम्पोबद्दल, म्हणजे या पुड्यांमागच्या जपानी पारंपरिक औषधपद्धतीबद्दल, कारण 'आयुर्वेदासारखंच' हे तुझं वाक्य मला जरा टोचलं. साम्य आहे, नातंसुद्धा आहे. नारा शहरात शोसोइन नावाचं लाकडी भांडार आहे. इसवी सन ७५६ मध्ये सम्राज्ञी कोम्योनं साठ औषधं महाबुद्धाला अर्पण केली, ती तिथे ठेवली गेली आणि त्यातली काही आजही शिल्लक आहेत. त्या यादीत कान्झो आहे, मिरी आहे, 'हिहात्सु' आहे म्हणजे आपली पिंपळी, आणि हिरडासुद्धा आहे, हरीतकीचंच नाव जपानी जिभेवर घासून गेलेलं! पण औषधाची पद्धत आली ती चीनमधून. काम्पोतला 'कान' म्हणजे हान, म्हणजे चिनी. डच वैद्यक आल्यावर त्याला 'राम्पो' म्हणायला लागले, मग जुन्या पद्धतीला वेगळं नाव हवं म्हणून 'काम्पो' झालं. तुझा काक्कोन्तो साधारण अठराशे वर्षांपूर्वीच्या एका चिनी ग्रंथातला आहे. तापाच्या आजारांवरचा तो ग्रंथ जपानी वैद्यांनी इतका आपला मानला की अठराव्या शतकात योशिमासु तोदोसारखे लोक 'बाकीची तत्त्वचर्चा पुरे, रोग्याचं पोट चाचपून बघा' असं म्हणायला लागले. आजही काम्पो जाणणारा जपानी डॉक्टर जीभ आणि नाडी बघतोच, पण पोट दाबून बघितल्याशिवाय सोडत नाही.

वात-पित्त-कफाच्या जागी तिथे 'कि', 'केत्सु' आणि 'सुइ' ही त्रयी आहे: प्राणशक्ती, रक्त, पाणी. ती आपल्या त्रिदोषांवर जशीच्या तशी बसवायला गेलीस तर फसशील. बसवू नकोस.

दुसरा फरक तुझ्या कामाचा आहे. मेइजी काळात (१८६८ ते १९१२) सरकारनं डॉक्टरकीचा परवाना फक्त पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्यांना द्यायचं ठरवलं. काम्पोवाल्यांनी संसदेपर्यंत लढा दिला, पण १८९५ मध्ये त्यांचं विधेयक पडलं. त्यामुळे तिथे आपल्यासारखी वैद्यांची वेगळी पदवी उरली नाही. १९७६ मध्ये बरीच काम्पो औषधं सरकारी आरोग्यविम्यात आली, आणि आज अशी १४८ औषधं नेहमीचे एमबीबीएससारखे डॉक्टरच लिहून देतात. पुड्यांवरचे नंबर त्यासाठीच सोयीचे: १ नंबर काक्कोन्तो, १९ शोसेइर्यूतो, १०० दाइकेन्चूतो. हा शेवटचा पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर आतडी हलती व्हावीत म्हणून सर्जन देतात. त्यातला एक घटक सान्शो आहे, आपल्या कोकणातल्या तिरफळाची सख्खी मावसबहीण. मला पहिल्यांदा तो वास आला तेव्हा बांगड्याचं तिखलं आठवलं होतं.

म्हणजे बघ, जपानी लोक स्वतः याला 'घरगुती' मानत नाहीत. दुकानात मिळणारा काक्कोन्तोसुद्धा औषधाच्या दुकानात, दुसऱ्या वर्गाचं औषध म्हणूनच विकला जातो. 'साइड इफेक्ट नसलेलं' या समजुतीची किंमत त्यांनी एकदा मोजलीही आहे. शोसाइकोतो नावाची ९ नंबरची पुडी यकृताच्या जुन्या दुखण्यावर सर्रास दिली जायची. १९९६ च्या मार्चमध्ये आरोग्य मंत्रालयानं जाहीर केलं की सुमारे दोन वर्षांत त्या औषधानंतर फुप्फुसाच्या एका गंभीर आजाराचे ८८ रुग्ण नोंदले गेले आणि त्यातले १० दगावले. त्याआधीच इंटरफेरॉन या यकृताच्या दुखण्यावरच्या इंजेक्शनांबरोबर ते देणं थांबवलं गेलं होतं. झाडपाल्याचं आहे म्हणून नुकसान करणार नाही, असं ज्यानं म्हटलं त्यानं बचनाग बघितला नसावा. तोही काम्पोत आहे बरं का, 'बुशि' या नावानं, प्रक्रिया करून.

आता तुझ्या लाडक्या काक्कोन्तोकडे येऊ. तुला त्या रात्री गुण आला तो नुसता योगायोग नसावा. शेजारच्या आजींनी बरोबर वेळ साधली होती. सर्दीची सुरुवात, हुडहुडी, मान-खांदे आखडलेले आणि अंगाला घाम नाही, ही काक्कोन्तोची वेळ. गरम पाण्यातून घ्यायचा, जेवणाआधी किंवा दोन जेवणांच्या मध्ये, पांघरूण घेऊन पडायचं, अंग किंचित ओलसर होईल इतका घाम आला की काम झालं. घाम आधीच सुटलेला असेल, सर्दी चार दिवसांची जुनी असेल, कफ पिवळा झाला असेल, तर त्याच पुडीचा उपयोग नाही. कोरड्या, घसा खवखवणाऱ्या खोकल्यावर २९ नंबर, बाकुमोन्दोतो. पाण्यासारखं नाक वाहत असेल तर १९. एकच सर्दी, पण माणूस आणि दिवस बदलला की पुडी बदलते. याला काम्पोत 'शो' म्हणतात, म्हणजे त्या घडीला त्या शरीराचं जे चित्र दिसतं ते.

जपानी लोकांनाही तुझ्यासारख्यांची गंमत वाटते हं. राकुगो नावाचा तिथला एकट्यानं गोष्ट सांगण्याचा प्रकार आहे, त्यात काक्कोन्तोवाल्या वैद्याचा जुना विनोद आहे. डोकं दुखतंय? काक्कोन्तो घ्या. पोट दुखतंय? काक्कोन्तो घ्या. आणि तुम्हाला काय होतंय? "मी नुसताच सोबत आलोय." अरेरे, कंटाळला असाल, काक्कोन्तो घ्या!

त्यात सात घटक आहेत: कुझु नावाच्या वेलाचं मूळ, बोरासारखं एक फळ, दालचिनी, पिओनी, आलं, ज्येष्ठमध आणि 'माओ'. हे शेवटचं नाव लक्षात ठेव. माओमध्ये एफेड्रिन असतं. ते छातीचे ठोके आणि बीपी वाढवतं, झोप उडवतं, म्हाताऱ्या पुरुषांची लघवी अडवू शकतं. बीपीवाल्या आईला म्हणूनच काक्कोन्तोही डॉक्टरला विचारल्याशिवाय द्यायचा नाही. मी स्वतः योकोहामातल्या दुसऱ्या हिवाळ्यात रात्री दहाला काक्कोन्तो घेतला, त्याआधी दुकानातली सर्दीची गोळी घेतली होती आणि जेवणानंतर कडक कॉफीही झाली होती. सर्दीच्या त्या गोळीत एफेड्रिनचाच चुलतभाऊ होता. फार्मसी शिकलेली बाई, पण डब्यावरचं वाचायचा कंटाळा केला. पहाटे तीनपर्यंत छातीत ढोल-ताशा चालू होता.

तुझा शोसेइर्यूतो बंद करायला मी सांगत नाही. सुगीच्या परागांवर (आपली सुगी नव्हे गं, तिथलं देवदारासारखं झाड, महायुद्धानंतर डोंगरच्या डोंगर त्यांनी लावले आणि आता सगळा देश शिंकतो) तो अनेकांना चालतो, आणि झोप येत नाही हा त्याचा मोठा गुण. पण त्यातही माओ तीन ग्रॅम आणि कान्झो तीन ग्रॅम आहे. एकाच दिवशी काक्कोन्तोही घेतलास तर माओ सहा आणि कान्झो पाच. नाव वेगळं, डबा वेगळा, आत पाहुणे तेच. दुकानातले डबे तर आणखी फसवे: एकाच नावाच्या दोन डब्यांत अर्काचं प्रमाण सारखं असेलच असं नाही. म्हणून आजींनी दिलेल्या पुडीवरून दुकानातल्या डब्याचा हिशेब करू नकोस. पुढच्या वर्षी फेब्रुवारी लागायच्या आत नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे जा आणि हेच औषध लिहून घे. तुझा स्वतःचा विमा आहे, स्वस्तही पडेल.

मुलांना अंदाजानं अर्धी पुडी देणं थांबव. तिथले बालरोगतज्ज्ञ काम्पो देतात, पण मुलाच्या वयावरून आणि वजनावरून, आणि कडू पूड कोकोमध्ये कालवून कशी द्यायची तेही सांगतात.

शेजारच्या आजींशी मात्र भांडू नकोस, उलट त्यांच्याकडून शिकण्यासारखं खूप आहे. काम्पो वेगळं आणि 'मिन्कान-याकु', म्हणजे आजीबाईचा बटवा वेगळा. काम्पोत ठरलेल्या प्रमाणात अनेक औषधं एकत्र असतात, बटव्यात बहुतेक एकेकटी. पोट बिघडलं की गेन्नोशोको नावाच्या रानफुलाचा काढा. त्या नावाचाच अर्थ 'लगेच दिसणारा पुरावा'. दोकुदामी नावाची उग्र वासाची पानं वाळवून चहा. आणि सेन्बुरी, हजार वेळा गरम पाण्यात हलवली तरी कडूपणा जात नाही म्हणून हे नाव. आईला दाखव, ती लगेच ओळखेल: किराइताच्या कुळातलीच आहे. मे महिन्याच्या पाच तारखेला तिथे वेखंडाची हिरवी पानं आंघोळीच्या पाण्यात टाकतात, तेही आजींना विचारून करून बघा दोघी मायलेकी. जुन्या जपानी घरांत तोयामाच्या फिरत्या औषधविक्यांची लाकडी पेटी असायची. विक्या पेटी भरून ठेवून जायचा, पुढच्या फेरीला जेवढं वापरलं तेवढ्याचेच पैसे घ्यायचा. आजींकडे ती पेटी असेल तर उघडून दाखवायला सांग, नुसती बघायला.

सर्दीत आईला काय द्यायचं, तर शोगा-यु: किसलेलं आलं, गरम पाणी, थोडा मध. किंवा कुझु-यु, म्हणजे त्याच कुझुच्या मुळाचं सत्त्व पाण्यात ढवळत शिजवून केलेली पातळ लापशी. तवकिराच्या खिरीची आठवण येईल तिला. दोन्हींत ना माओ ना कान्झो. पाकीटबंद आणलीस तर तेवढी मागची अक्षरं वाचून घे.

आणि साताऱ्याच्या नातेवाइकांसाठी औषधाचे डबे? नको म्हणजे नको. तिथे कुणाच्या मामाला बीपी आहे, कुणाची काकू लघवीची गोळी घेते, कुणी रोज ज्येष्ठमध चघळतं, आणि पुडीवरचं जपानी कुणालाच वाचता येणार नाही. कुझु-युची पाकिटं, आल्याच्या गोळ्या, युझू नावाच्या जपानी लिंबाच्या सुगंधाची आंघोळीची पूड ने. सगळे खूश होतील आणि कुणाचे पाय सुजणार नाहीत.

तुझ्यासाठी एक जपानी वाक्य देते, ते फोनमध्ये साठवून ठेव. दुकानात कुठलंही औषध उचललंस, अगदी खोकल्याचं किंवा पोटाचंही, की काउंटरवर विचारायचं: "कान्झो हाइत्ते इमास का?" म्हणजे यात ज्येष्ठमध आहे का? माओसाठी त्याच वाक्यात कान्झोच्या जागी माओ म्हणायचं. डब्याच्या पाठीमागे घटक बहुतेकदा काताकाना लिपीत असतात, ती तू सहा वर्षांत नक्की शिकली असशील. आईच्या नावानं एक 'ओकुसुरि तेच्यो' करून घे, ती औषधांची छोटी वही औषधांच्या दुकानात सहज मिळते. तीन महिन्यांची पाहुणी असली तरी तिच्या गोळ्यांची नावं आणि डोस त्यात लिही. उद्या दवाखान्यात ती वही पुढे केलीस की निम्मं बोलणं वाचेल.

पोटॅशियम किती आलं ते मला कळव. आणि उरलेल्या पुड्या मैत्रिणीला परत देताना तिलाही हे पत्र वाचून दाखव, तिच्या घरात आणखी कुणाची अडुसष्ट नंबरची पाकिटं पडली असतील.